गावाचा रकाना

१

पियूष गेल्यावर मी रोज संध्याकाळी त्याचं एक पत्र वाचायचे. एकच.

पत्र म्हणजे ई-मेल. हिंजवडीजवळच्या नेरे गावात वाल्मीककाकांच्या घराचा वरचा मजला आम्ही भाड्याने घेतला होता. दोनच खोल्या, आणि त्या दोन खोल्यांत राहूनसुद्धा हा माणूस मला पत्रं लिहायचा. मी आत पोळ्या लाटत असायचे आणि तो बाहेरच्या खोलीतून लिहायचा, 'आज भाजीत मीठ नाही घातलंस तरी चालेल, कालचं अजून जिभेवर आहे.' त्यासाठी त्याने टेबलाखाली एक जुना कॉम्प्युटर कायमचा चालू ठेवला होता. दोघांच्या नावांतली अक्षरं जोडून वेबसाइटचं एक नाव घेतलं होतं. पत्रं, फोटो, त्याच्या नोंदी, सगळं त्या नावाखाली त्या मशीनवर असायचं. "घर होईल तेव्हा होईल," म्हणायचा, "पत्ता तरी स्वतःचा असू दे."

मी बार्शीची, तो धुळ्याचा. नोकऱ्या दोघांच्या हिंजवडीत, वेगवेगळ्या कंपन्यांत. लग्नाला तीन वर्षं झाली होती.

१६ नोव्हेंबर २००६, गुरुवार. चांद्यात एक नवी इमारत होत होती, तिथला फ्लॅट बघायला आम्ही दोघं जाणार होतो. आदल्या रात्री कशावरून तरी वाजलं. कशावरून ते मला आता आठवत नाही, पण मी काय म्हणाले ते आठवतं. "तुला हवा तो बघ. मला विचारू नकोस." तो एकटाच गेला. परतताना चांद्याच्या वळणावर खडीच्या डंपरखाली गाडी गेली.

ओळख पटवायला मला कोणी नेलं नाही. माझे दीर आत जाऊन आले आणि म्हणाले, "वहिनी, तुम्ही नका येऊ. लक्षात आहे तो चेहरा तसाच राहू दे." मी ऐकलं. शेवटपर्यंत चेहरा झाकलेला होता. मी हातही लावला नाही.

२

पुढच्या वर्षीची दिवाळी मी नेऱ्यातच काढली. आई बोलवत होती, मी गेले नाही. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, रजा होती म्हणून दुपारीच पत्र उघडायला बसले, तर स्क्रीनवर वेगळीच सूचना आली. या वेबसाइटच्या सर्टिफिकेटची मुदत संपली आहे.

सर्टिफिकेट म्हणजे वेबसाइटचं ओळखपत्र. ही साइट ज्याची म्हणवते त्याचीच आहे, असं सांगणारं. एरवी बाहेरची एखादी कंपनी त्याची हमी देते. पण घरगुती कामाला कोण तेवढं करतो? आपणच बनवायचं, आपणच सही ठोकायची. चालतं. फक्त ब्राउझर दर वेळी कुरकुरतो, की या सहीला मी ओळखत नाही, तुम्ही ओळखता का?

पियूषने ते जाण्याच्या चार दिवस आधी बनवलं होतं, ३६५ दिवसांचं. मी शेजारी उभी होते. कॉम्प्युटर एकेक विचारत जातो. देश, राज्य, गाव, संस्था, नाव. गावाच्या रकान्यापाशी तो थांबला होता.

"पुणे लिहू?"

"पुण्यात राहतोस का तू?"

"बरोबर," म्हणाला आणि नेरे लिहिलं. "या जगात गावाच्या रकान्यात नेरे लिहिणारे आपणच पहिले असू."

मुदत संपली तरी सूचना ओलांडून आत जाता येतं. पण त्याचं नाव, आणि खाली 'मुदत संपली'. रोज ते वाचून आत जाणं मला जमलं नसतं. म्हणून मी नवीन बनवलं. सही करणारी जुनी डिजिटल किल्ली बाजूला ठेवली, नवी केली. देश, राज्य, गाव. नेरे. नावाच्या रकान्यात स्वतःचं नाव घातलं, दिवस ३६५.

मग बरोबर झालंय ना म्हणून उघडून बघितलं. सगळं मी लिहिलेलं होतं. गावाच्या रकान्यात मात्र चांदे होतं.

३

माणूस जे मनात असतं ते लिहून जातो. मी तसंच समजले. गेला आठवडाभर डोक्यात चांद्याशिवाय दुसरं काय होतं? मी ते पुसलं आणि पुन्हा बनवलं. या वेळी एकेक अक्षर मोठ्याने म्हणत टाइप केलं. खोलीत माझाच आवाज मला परका वाटला.

चांदे.

मी निषादला फोन केला. पियूषचा कॉलेजपासूनचा मित्र, सर्व्हरच्या कामातला. त्याला मी एवढंच सांगितलं की गाव चुकीचं येतंय.

"सेटिंगच्या फाईलमध्ये त्याने आधीच भरून ठेवलं असेल," निषाद म्हणाला. "तू काही टाकलं तरी तेच उचलत असेल. ती फाईल उघड, काढून टाक."

"त्याने चांदे का भरून ठेवलं असेल, निषाद?"

पलीकडे त्याने खुर्ची सरकवली. मग म्हणाला, "फ्लॅट घ्यायचा होता ना तुम्हाला तिथं? पठ्ठ्याने पत्ता आधीच बदलून ठेवला असेल."

ते पटण्यासारखं होतं. पियूष असं करू शकला असता. फोन ठेवून मी रडले आणि मग जरा बरं वाटलं.

रात्री फाईल उघडली नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आल्यावर उघडली. गावाच्या पुढे काहीच भरलेलं नव्हतं.

तरी मी नवं सर्टिफिकेट बनवलं. नेरे लिहिलं. आलं ते माण.

४

माण हे हिंजवडीलगतचं गाव, तिथं आमचं कोणी नाही. माझ्या मनात माण नव्हतं. मी ते कधी टाइपही केलेलं नाही.

बुधवारी मारुंजी आलं.

तेव्हा मला कळलं. कसं ते सांगते. पियूष रस्त्याच्या बाबतीत हट्टी होता. हिंजवडीच्या चौकातल्या गर्दीत अडकायला नको म्हणून तो नेहमी आतल्या रस्त्याने यायचा. चांदे, माण, मारुंजी, नेरे.

मी खुर्चीतून उठले. खालून घरमालकीण सगुणामावशींच्या पाखडण्याचा आवाज येत होता. भाताची कापणी, झोडणी होऊन गेली होती, अंगणात भात वाळत घातलेला. मी जिना उतरून त्यांच्याजवळ पायरीवर बसले.

"काय गं पोरी," मावशी म्हणाल्या, "त्वांड का असं झालंय? जेवलीस का न्हाई?"

"मावशी, चांद्याहून इथं चालत यायला किती वेळ लागतो?"

त्यांनी सूप थांबवलं. चांदे म्हटलं की त्यांना काय आठवायचं ते त्यांनी लपवलं नाही.

"चालत? आमी पोरीबाळी असताना जायचो जत्रंला. सकाळी निघालं की दुपारच्या जेवनाला तितं. कुनाला यायचंय चालत?"

"कोणाला नाही. सहज."

"सहज न्हवं ते," मावशी म्हणाल्या. "तू आईकडं जा आठ दिस. ह्या खोलीत एकटीनं बसू नगंस."

मी वर आले. अर्ध्या दिवसाची वाट. सोमवारी चांदे आणि बुधवारी मारुंजी. इतका हळू का? मग त्याच्या पायांचं काय झालं असेल ते माझ्या मनात आलं आणि मी स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून उभी राहिले.

५

मी इंजिनिअर आहे. मला माहीत आहे की दुःखात माणसाचं डोकं काहीही जुळवतं. तीन गावांची नावं ओळीने आली म्हणजे रस्ता होत नाही. गुरुवारी मी मुद्दाम दोनदा सर्टिफिकेट बनवलं. दोन्ही वेळा मारुंजी आलं. म्हणजे चालणारं कोणी नव्हतं, यंत्राची काहीतरी खोड होती. मला हायसं वाटायला हवं होतं. उलट मी घाबरले, की तो थांबला का? बसला का कुठं? मारुंजीला कोणाच्या ओट्यावर बसला असेल, तर त्याला कोणी पाणी दिलं असेल का?

त्या दिवशी मी त्याचं पत्र वाचलं नाही. मीच त्याला लिहिलं. 'ये. काही भांडण नाही. ये.' पाठवायचं बटण दाबलं. टेबलाखालच्या मशीनने ते घेतलं, त्याच्या पेटीत टाकलं. त्या पेटीत वर्षभराची न वाचलेली पत्रं होती, सगळी माझी.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. १६ नोव्हेंबर. मी रजा टाकली.

६

दुपारी दोनच्या सुमाराला मी बसले. वाल्मीककाका शेतावर होते. मावशी अंगणात भात पायाने परतत होत्या, ते वरपर्यंत ऐकू येत होतं. लांब कुठं तरी इमारतीच्या कामावरचा मिक्सर फिरत होता.

देश, राज्य, गाव. नेरे लिहिलं.

उघडून बघितलं तर नेरे होतं.

पाच दिवसांत पहिल्यांदा, मी लिहिलं तेच आलं होतं. झालं, सुटलं, असं मी मनाशी म्हणाले. आणि म्हणता म्हणता मला कळलं की सुटलेलं नाही.

मी आमची साइट उघडली. ब्राउझरने नेहमीची चौकट समोर आणली. ही साइट स्वतःची ओळख स्वतःच देते आहे, तिच्यासाठी दुसरं कोणी हमी देत नाही. तुम्ही ही ओळख मानता का? खाली तीन पर्याय. कायमची मानतो. या वेळेपुरती मानतो. मानत नाही.

आठवडाभर मी मधलाच निवडत आले होते, न वाचता.

अंगणातला भाताचा आवाज थांबला. जिन्यावर पाय वाजला.

आमचा जिना बाहेरून आहे, लोखंडी. त्यावर चप्पल वाजते, बूट वाजतो. हे अनवाणी होतं. एक पाय टेकायचा, मग दुसरा ओढत वर यायचा. मधेच थांबायचं आणि परत सुरू व्हायचं. मी पायऱ्या मोजल्या नाहीत. मोजता आल्या असत्या इतक्या सावकाश त्या चढल्या गेल्या.

दारापाशी थांबलं.

दार नुसतं लोटलेलं होतं. कडी नव्हती. फटीतून उन्हाची एक पट्टी रोज त्या वेळी फरशीवर पडते. ती पट्टी गेली.

मी त्याला बोलावलं होतं. तीनशे पासष्ट दिवस मी दुसरं काही मागितलं नव्हतं. आणि आता उठून चार पावलं टाकायची होती. पण दीर म्हणाले होते, लक्षात आहे तो चेहरा राहू दे. दाराच्या त्या बाजूला कोणता चेहरा असेल? आणि तो पियूषच असेल हे मला कोणी सांगावं? त्याचा वास नव्हता. तो असा गप्प उभा राहिला नसता. त्याने हाक मारली असती. हाक मारता येत असती तर.

मला एवढंच आठवतं की मी दाराकडे न बघता स्क्रीनकडे बघत राहिले. हात माउसवर होता.

मी तिसरा पर्याय दाबला. मानत नाही.

खूप वेळ काही झालं नाही. मग ती उन्हाची पट्टी परत फरशीवर आली. जिना उतरताना पाय वाजले. चढताना लागला होता त्याहून जास्त वेळ लागला.

७

"कोन व्हतं गं?" थोड्या वेळाने मावशी वर आल्या. दार त्यांनीच उघडलं. मी अजून खुर्चीतच होते.

"तुम्ही बघितलंत?"

"पाठमोरा. म्या पानी प्यायला आत गेल्ते, भाईर आले तवा जिना उतरून चालला व्हता. म्या म्हनलं, ओ पाव्हनं, भातावरनं नगा जाऊ, कडंनं जा. तर कडंनं गेला बिचारा." त्यांनी माझ्याकडे निरखून बघितलं. "कंपनीतला व्हता का कुनी? पायात काय न्हाई, कापडं धुळीनं भरलेली."

"मग कुठं गेला, मावशी?"

"फाटकात उबा व्हता लई येळ. हिकडं बगत न्हवता, रस्त्याकडं बगत व्हता. वाट चुकल्यावानी."

मी जिना उतरले तेव्हा फाटकात कोणी नव्हतं. अंगणातला भात जसाच्या तसा पसरलेला होता. कडेच्या मातीत पावलं होती, डावं नीट उमटलेलं आणि उजव्याची नुसती रेघ. फाटकापर्यंत जाऊन ती रस्त्याच्या खडीत हरवली.

त्या संध्याकाळी मी आठ वेळा सर्टिफिकेट बनवलं. गावाचा रकाना आठही वेळा रिकामा आला.

८

शनिवारी सकाळी त्यात कासारसाई आलं.

कासारसाई नेऱ्याच्या पुढे आहे. घराच्या पुढे. तो घर मागे टाकून चालत गेला होता.

मी सहा आसनी रिक्षा पकडली. शनिवार होता, कासारसाईच्या धरणावर हिंजवडीची पोरं गाड्या घेऊन आली होती, फोटो काढत होती. पाणी काठोकाठ, निळं, स्वच्छ ऊन. अशा जागी असं काही घडत नाही. मी भिंतीच्या टोकापर्यंत नजर टाकली. तिथं, जिथं माणसं जात नाहीत, एक जण चालला होता. लांबून उंची कळत नव्हती, कपड्यांचा रंग कळत नव्हता. एवढंच कळत होतं की एक खांदा खाली जायचा आणि मग वर यायचा.

"पियूष!" मी ओरडले. पोरं वळून बघायला लागली. "पियूष!"

तो थांबला. वळला नाही. रस्त्यात आपल्या नावासारखं काही ऐकू आलं की माणूस थांबतो ना, आणि मग दुसऱ्या कोणाला असेल म्हणून पुढे जातो, तसा तो जरा वेळ थांबला आणि पुढे गेला.

मी धावले. भिंत संपते तिथं झाडी आहे, पलीकडे डोंगर. तिथं कोणी नव्हतं. मी दुपार होईपर्यंत हाका मारत फिरले. गुराखी असेल, मी स्वतःला सांगत होते. मासे धरणारा असेल. लंगडणारी माणसं काय एकच असतात? मावशींनी बघितला तो कोणी पत्ता चुकलेला मजूर असेल. परत येईपर्यंत मी स्वतःला जवळजवळ पटवलं होतं.

वाट रस्त्याला लागते तिथं एक बाई कणसं भाजत बसली होती. सुलक्षणा नाव तिचं, नंतर कळलं. मला बघून तिने आपणहून पाण्याचा तांब्या पुढे केला.

"कुनाला हुडकताय, ताई? मगापासनं वरडताय."

"एक माणूस. पायाने अधू. इकडून गेला का?"

"व्हय की. सकाळच्याला हितंच बसला व्हता, ह्या दगडावर." तिने कणीस फिरवलं. "मला इचारलं, नेरं कुटं हाय. म्या म्हनलं, अरं, मागं टाकून आलास की तू. ह्या रस्त्यानं सरळ परत जा. तर म्हनला, तितं जाऊन आलो काल. घर बी घावलं. पन तितं मला कुनी वळकत न्हाई."

निखाऱ्यावर कणीस तडतडत होतं. मी तांब्या खाली ठेवला.

"त्याचा चेहरा," मी विचारलं, "चेहरा कसा होता?"

"चेहरा?" तिला प्रश्न कळला नाही. "चांगला व्हता की. दमलेला व्हता, दुसरं काय? तुमच्या वळखीचा हाय का?"

"हो," मी म्हणाले. "माझा नवरा आहे."

सुलक्षणाने निखाऱ्यावरचं कणीस बाजूला काढलं. मग वारा घालायचा पुठ्ठा तिने खाली ठेवला.

"मंग ह्ये काल त्यालाच सांगायचं न्हवतं का, बाई," ती म्हणाली.